ट्रेलरला नुसता रंग मारून भागत नाही

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ट्रेलर घेऊन कुणी माझ्या गाळ्यावर आलं की मी आधी आभाळाकडं बघतो, मग गिऱ्हाइकाकडं. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर काढल्या जातात आणि तेव्हा सगळ्यांना एकदम दिसतं की खालचा ट्रेलर लाल झालाय. "भाऊ, पाऊस लागायच्या आत एक हात रंग मारून द्या ना." मारता येतो की. नारळी पुनवेपर्यंत त्याचे पोपडे निघालेले असतात, एवढंच.

मी मढचा. मार्वे रोडला वेल्डिंगचा गाळा आहे. ग्रिल, शटर, लोखंडी जिने हे रोजचं काम. अधूनमधून फायबरच्या छोट्या होड्यांचे, हौशी लोकांच्या आउटबोर्डवाल्या बोटींचे, वॉटर स्पोर्ट्‌सवाल्यांच्या जेट स्कीचे ट्रेलर येतात. ज्यांना आपला ट्रेलर आपल्या हातानं नीट करायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. वेल्डिंग सोडलं तर यातलं बहुतेक काम एक ग्राइंडर, दोन ब्रश आणि भरपूर गोडं पाणी एवढ्यावर होतं. महिना मात्र नीट निवडा. डिसेंबर ते मार्च. त्याचं कारण रंगाच्या वेळी सांगतो.

ठोकून बघा

पहिली गोष्ट, होडी उतरवा. वर होडी ठेवून खाली ग्राइंडर चालवणारे महाभाग मी पाहिलेत. फायबर पेट घेतं, पेट्रोलच्या टाकीची वाफ खाली येऊन साचते, आणि ठिणगी कुठं उडेल ते कुणाच्या हातात नसतं. शिवाय सगळ्यात वाईट गंज होडी जिथं टेकते तिथंच असतो, तो होडी वर असताना दिसणारच नाही.

ट्रेलर घोड्यांवर (स्टँडवर) घ्या, चाकं काढा, आणि साधी बॉल पेन हातोडी घेऊन गाडीला जोडायच्या पुढच्या दांडीपासून मागच्या दिव्यांपर्यंत सगळी फ्रेम ठोकत जा. धड लोखंड खणखणीत वाजतं आणि हातोडी उसळून परत येते. आतून गेलेलं लोखंड बद्द वाजतं, हातोडी तिथंच बसते. जिथं आवाज बदलला तिथं खडूनं फुली मारा. मग फुलीच्या जागी स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोर लावून दाबा. रंग फुटून टोक आत रुतलं तर विषय संपला, तो भाग कापायचाच. रुतलं नाही तर खालच्या बाजूनं ३ मिलिमीटरचं भोक पाडून व्हर्नियरनं जाडी मोजा. तेच भोक नंतर मोठं करून पाणी जायला कामी येतं.

मला स्वतःला रंगाच्या वरून दिसणाऱ्या तांबूस डागांची फार धास्ती वाटत नाही. तो गंज डोळ्यासमोर आहे, कधीही काढता येतो. खरा घात होतो तो दोन ठिकाणी: बंद पाइपाच्या आत, आणि जिथं लोखंडावर लोखंड बसवलंय त्या फटीत.

एका ट्रेलरचा बॉक्स पाइप कापतानाचं सांगतो. बाहेरून निळा रंग चकचकीत, मालकानं दर दिवाळीला हात मारलेला. खालच्या बाजूला मात्र बद्द आवाज. कटिंग व्हील लावलं, ठिणग्या उडाल्या, आणि चीर पुरी व्हायच्या आत चॉकलेटी पाण्याची धार लागली. पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकचं बूच होतं. दिव्याची वायर आत जायच्या भोकातून समुद्राचं पाणी शिरत होतं, बुचामुळं बाहेर पडत नव्हतं. तळाशी मूठभर वाळू, तिच्यावर गंजाचे पापुद्रे. वरची भिंत ३ मिलिमीटरची तशीच शाबूत, खालची इतकी पातळ की बोटानं वाकत होती. इतकी वर्षं रंग चढत होता तो फक्त बाहेरून.

फटीतला गंज वेगळ्या पद्धतीनं मारतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो. म्हणून कमानपाट्याच्या हँगरखाली (पाटा फ्रेमला जिथं टांगतात तिथं) जोडलेली डबल प्लेट फुगून वर येते, बोल्ट ताणून तुटतात, टाक्याटाक्यानं केलेलं वेल्डिंग उसवतं. याची दुसरी बाजूही आहे: पापुद्रा बोटभर जाड निघाला म्हणून घाबरून जाऊ नका, त्यात गेलेलं लोखंड त्याच्या मानानं थोडं असतं. खरवडून, मोजून मग ठरवा. माझा हिशोब असा की जाडी पाव भागापेक्षा जास्त गेली असेल तर तुकडा बदलायचा. पुढची दांडी, एक्सलची बैठक आणि पाट्याचे हँगर या तीन जागी तर मी पाव भागाचीही सूट देत नाही. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर दांडी तुटली तर होडी जाईलच, मागचा रिक्षावालाही जाईल.

आधी मीठ, मग गंज

आता ज्या गोष्टीला लोक सगळ्यात कमी वेळ देतात ती. गंज दिसला की हात थेट ग्राइंडरकडं जातो. पण गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी मीठ बसलेलं असतं. वरून वायर ब्रश फिरवला की गंज गुळगुळीत होऊन चकाकतो, मीठ खालीच दाबलं जातं, आणि त्याच्यावर तुम्ही महागातला प्रायमर लावता.

मीठ एवढं वाईट का? लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळलं तरी क्षार राहतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. साधं मीठ हवेत ७५ टक्क्यांवर आर्द्रता गेली की स्वतःच पाझरायला लागतं. आपल्याकडं वर्षातल्या कितीतरी रात्री हवा त्याच्या वर असते. समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांवरच ओल धरतं, म्हणजे मुंबईत ते कधी कोरडं होतच नाही म्हणा ना. तुमचा ट्रेलर बिल्डिंगच्या आवारात, समुद्रापासून लांब, पत्र्याखाली उभा आहे आणि तरी गंजतोय, त्याचं कारण हे. पाणी वरून पडावंच लागत नाही.

म्हणून ग्राइंडरच्या आधी धुवा. साबणाच्या पाण्यानं तेल-ग्रीस काढा, मग पाइप लावून कोपरे, चॅनेलची आतली बाजू, पाट्यांमधल्या फटी असं सगळं गोड्या पाण्यानं बडवा. प्रेशर वॉशर असेल तर उत्तम, पण बेरिंगच्या सीलवर तो रोखू नका.

आणि पाणी कुठलं आहे ते बघा. हे मढ, वर्सोवा, गोराई, मनोरीच्या लोकांना मुद्दाम सांगतो. किनाऱ्यावरच्या विहिरीचं आणि बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं. टँकरचं पाणी कुठून भरलं ते टँकरवाल्यालाच माहीत. वॉटर फिल्टरवाले खिशात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घेऊन फिरतात, तो हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो, स्वस्त असतो. तानसा, वैतरणा, भातसाचं जे पालिकेचं पाणी आपल्या नळाला येतं त्याचा आकडा बहुधा शंभराच्या आत दिसतो. बोअरचं पाणी मोजून बघा. आकडा हजाराच्या वर गेला तर त्या पाण्यानं ट्रेलर धुणं म्हणजे मीठ काढून मीठ लावणं. नळाला पाणी दोन-तीन तासच येत असेल तर एक ड्रम भरून ठेवा आणि छोटा पंप जोडा, पण पाणी नळाचंच वापरा.

गंज काढताना

जाड पापुद्रे ग्राइंडरनं काढायचे नसतात. चिपिंग हॅमर किंवा जुनी छिन्नी घ्या, पापुद्रे ठोकून पाडा. ग्राइंडर त्यांना घासत बसतो, डिस्क संपते, खालचं लोखंड तापतं आणि पापुद्रा तिथंच. पापुद्रे गेल्यावर कप ब्रश, मग जिथं खड्डे आहेत तिथं ८० नंबरची फ्लॅप डिस्क. कप ब्रशच्या तारा सुटून उडतात आणि त्या कपड्यातून आत घुसतात. साध्या चष्म्यावर भागवू नका, बाजूनं बंद असलेला गॉगल लावा. ग्राइंडरचं गार्ड काढून ठेवलं असेल तर परत बसवा. हे मी दुकानातल्या पोरांना रोज सांगतो आणि रोज कुणीतरी काढतं. ट्रेलरवर चेसिस नंबर कोरलेला असेल तर त्या पट्टीवर ग्राइंडर लावू नका, तिथं हातानं पॉलिश पेपर मारा. नंबर घासला गेला तर आरटीओत काय उत्तर देणार?

पूर्ण फ्रेम सुटी करता येत असेल आणि खिशाला परवडत असेल तर ब्लास्टिंग (दाबाच्या हवेनं बारीक खडी मारून सफाई) करून आणा. खड्ड्याच्या तळापर्यंत साफ करणारं दुसरं काही नाही. पण ब्लास्टिंगवरून आणलेली फ्रेम त्याच दिवशी प्रायमरखाली गेली पाहिजे. रात्रभर ठेवली की सकाळी परत पिवळी.

हातानं साफ केली असेल तर एक चाचणी करा. साफ केलेला भाग नळाच्या पाण्यानं ओला करा आणि रात्रभर तसाच सोडा. सगळीकडं सारखी हलकी पिवळी झाक आली तर तो पाण्यानं आलेला गंज, हलक्या हाताच्या ब्रशनं निघतो. पण मध्येमध्ये गडद नारिंगी ठिपके उठले, त्यांच्याभोवती काळसर कडा दिसली, तर त्या खड्ड्यांत मीठ शिल्लक आहे. ते ठिपके टोकदार वायर ब्रशनं उकरा, पुन्हा धुवा, पुन्हा रात्रभर ठेवा. कंटाळवाणं काम आहे. पण या टप्प्यावर एक रात्र जास्त दिलेली पुढं दोन पावसाळे वाचवते.

ग्राइंडर जिथं पोचतच नाही, म्हणजे हँगरच्या मागं, चॅनेलच्या खाचेत, तिथं रस्ट कन्व्हर्टर लावा. टॅनिक किंवा फॉस्फोरिक ॲसिडवाला असतो, लावल्यावर गंज काळा पडतो. त्याला काम करायला गंज लागतो. चकचकीत लोखंडावर तो चोपडून उपयोग नाही, आणि सुट्या पापुद्र्यांवर तर अजिबात नाही. फॉस्फोरिकवाला असेल तर डब्यावर लिहिलंय तसं नंतर पुसून-धुऊन घ्या, वर राहिलेलं ॲसिड रंगाला धरू देत नाही.

ठिगळ लावायचं तर

वेल्डिंग येत नसेल तर इथं माझ्यासारख्याकडं जा, पण काय सांगायचं ते माहीत असू द्या. नाहीतर गंजलेल्या भागावर वरून पट्टी ठोकून चारी बाजूंना चार टाके मारून मिळतात आणि आत नवी फट तयार होते.

गंजलेला तुकडा धड लोखंड लागेपर्यंत कापून काढायला सांगा. नवा तुकडा तेवढ्याच जाडीचा, कोपरे गोल केलेले. दांडीला ठिगळ लावायचं असेल तर ते लांब असावं आणि त्याची टोकं तिरकी निमुळती कापावी, म्हणजे वेल्डिंगची रेघ दांडीला आडवी सरळ छेदून जात नाही. दांडी वर-खाली लवते, सगळा ताण तिच्या वरच्या आणि खालच्या पात्यावर येतो, आणि आडव्या वेल्डिंगच्या कडेलाच चीर सुरू होते. वेल्डिंग सगळीकडून सलग हवं, टाक्याटाक्याचं नको.

३ ते ५ मिलिमीटरच्या लोखंडाला ६०१३ चा रॉड चालतो. जाड दांडीला ७०१८ चांगला, पण तो ओल पितो. आपल्या हवेत उघड्या पुडक्यातला ७०१८ ओव्हनमध्ये भाजल्याशिवाय वापरणं चुकीचं, वेल्डिंगच्या आत चिरा पडतात. समोर भट्टी नसेल आणि वेल्डर ७०१८ काढत असेल तर त्याला सरळ सांगा, दादा, ६०१३ च लाव. समुद्राच्या वाऱ्यात उघड्यावर सीओटू वेल्डिंगही करू देऊ नका, गॅस उडून जातो आणि टाका जाळीदार होतो. अर्थची क्लॅम्प वेल्डिंगच्या अगदी शेजारी लावायची. एका टोकाला अर्थ आणि दुसऱ्या टोकाला वेल्डिंग केलं की करंट बेरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर डाग पडतात. कमानपाट्याला कधी वेल्डिंग नाही. पाटा तुटला, गंजून झिजला, तर पाटाच बदलायचा.

ट्रेलर गॅल्वनाइज असेल तर वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंचं दोन-दोन इंच जस्त घासून काढायचं, उघड्यावर काम करायचं आणि धुराचा मास्क लावायचा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. गूळ खाल्ला की बाधत नाही, दूध प्यायलं की बाधत नाही, असं आमच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसात. मास्क लावा.

लोखंड नवं घ्यायचं असेल तर कळंबोलीचा बाजार आहे, छोटे तुकडे दारूखान्यात मिळतात. ठिगळाला दारूखान्यातली प्लेट चालेल. दांडीला मी जुना माल वापरत नाही, तो आधी कुठं किती वाकलाय ते कळत नाही.

रंग

आता डिसेंबर ते मार्च का, ते. लोखंडाचं तापमान हवेच्या दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल पाणी होऊन बसते) किमान ३ अंशांनी जास्त हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी, हा रंगकामाचा जगभरचा नियम. जुलैत मुंबईचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो आणि हवा २७-२८ ची. म्हणजे लोखंडावर न दिसणारी ओल कायम. जानेवारीच्या दुपारी हवा ३० अंशांवर आणि दवबिंदू कितीतरी खाली. त्यातही सकाळी अकरा ते दुपारी तीन-साडेतीन हीच वेळ. सकाळी आठला लोखंड रात्रीचं गार असतं, संध्याकाळी खारी हवा सुटते. दवबिंदूचा मीटर नसेल तर ओल्या फडक्यानं लोखंडावर एक पट्टा ओढा. पंधरा मिनिटांत तो सुकला नाही तर आज रंग नाही.

रेड ऑक्साइड आणि वरून ऑइल पेंट ही जोडी खिडकीच्या ग्रिलला ठीक आहे. खाऱ्या पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरला नाही. ब्रशनं मारलेला ऑइल पेंटचा एक हात सुकून जेमतेम ३०-४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. आपल्याला एकूण २५० ते ३०० मायक्रॉनचा थर लागतो. तो असा बसवा: उघड्या चकचकीत लोखंडावर झिंक रिच एपॉक्सी प्रायमर, त्यावर जाड एपॉक्सीचे एक-दोन हात, आणि सगळ्यात वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. एपॉक्सी उन्हात खडूसारखी भुकटी सोडते, म्हणून वर पीयूचं छत्र. पैसे कमी असतील तर पीयूचा हात एक वर्ष पुढं ढकला, पण खालचं झिंक आणि एपॉक्सी सोडू नका. मात्र वर्षानं पीयू मारताना एपॉक्सीवर पॉलिश पेपर मारून ती खरखरीत करून घ्या, नाहीतर वरचा रंग सोलून निघेल.

झिंक रिच प्रायमर रस्ट कन्व्हर्टरवर लावायचा नाही. त्यातल्या जस्ताचा लोखंडाला थेट स्पर्श झाला तरच ते लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं. मध्ये काळा थर आला की तो नुसता महाग राखाडी रंग. जिथं कन्व्हर्टर वापरला तिथं साधा एपॉक्सी प्रायमर लावा.

दोन डब्यांचा रंग अंदाजानं मिसळू नका. डब्यावर जे प्रमाण दिलंय ते मापानं घ्या, ढवळा, आणि लिहिलं असेल तेवढी मिनिटं तसाच ठेवून मग लावा. आपल्या उन्हात तो डब्यातच लवकर घट्ट होतो, म्हणून एका वेळी थोडाच कालवा. घट्ट व्हायला लागलेल्यात थिनर ओतून ताणू नका. पीयूचा हार्डनर छातीला वाईट असतो, कापडी मास्क त्याला पुरत नाही, काडतूसवाला (फिल्टरचे डबे बसवलेला) मास्क घ्या. स्प्रे करण्यापेक्षा घरी ब्रश बरा.

ब्रश हातात घेतल्यावर आधी सगळ्या धारा. रंग सुकताना धारदार कडेवरून मागं सरकतो आणि नेमका तिथं पातळ राहतो. जुन्या ट्रेलरवर बघा, गंजाची पहिली रेघ चॅनेलच्या कडेवरच असते. म्हणून कापलेल्या सगळ्या कडा आधी ग्राइंडरनं गोल करा, मग प्रत्येक हाताच्या आधी कडा, वेल्डिंगच्या रेघा आणि बोल्टची भोकं छोट्या ब्रशनं वेगळी रंगवून घ्या. त्यानंतर मोठा ब्रश. बोल्टच्या भोकांची आतली भिंत नव्वद टक्के लोक विसरतात असं मी म्हणेन, मोजलेलं नाही.

गॅल्वनाइज फ्रेम असेल तर

चांगल्या हॉट डिप गॅल्वनाइजला रंगाची गरजच नसते. साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात अख्खी फ्रेम बुडवतात, आत-बाहेर थर बसतो. ६ मिलिमीटरच्या वरच्या लोखंडावर सरासरी ८५ मायक्रॉन, ३ ते ६ मिलिमीटरला ७० हे ठरलेलं माप आहे. दुकानदार "जीआयच आहे शेठ" म्हणून जे विकतो तो बहुतेक वेळा आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याचा पाइप असतो. २७५ ग्रॅमवाला (चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून एवढं जस्त) पत्रा घेतला तरी एका बाजूला २० मायक्रॉनच्या आसपास जस्त, आणि वेल्डिंगच्या जागी तेही जळालेलं. विकत घेताना हे एवढं विचारा.

गॅल्वनाइजवर तपकिरी डाग दिसला म्हणजे तिथलं जस्त संपलं. तेवढी जागा चकचकीत घासा, धुवा, सुकवा आणि झिंक रिच रंगाचे हात चढवून निदान १०० मायक्रॉन भरा. ऑइल पेंट त्याच्यावर कधी नको. जस्त आणि पेंटमधलं तेल यांचा आत साबण होतो आणि रंग पापडासारखा सुटतो. रंग द्यायचाच असेल तर जस्तावर चालणारा एचिंग प्रायमर किंवा एपॉक्सी लावा.

जुनी फ्रेम सगळी सोडवून पुन्हा डिप करून घेता येते आणि माझ्या मते फ्रेम धड असेल तर पैसा इथंच घालावा. जाण्याआधी जुना रंग पूर्ण काढा, ॲसिडच्या टाकीत रंग निघत नाही. प्रत्येक बंद पाइपाला दोन्ही टोकांना मोठी भोकं पाडा. बंद पाइप तसाच वितळलेल्या जस्तात गेला तर आतली ओल वाफ होऊन पाइप फुटतो, आणि समोर माणसं उभी असतात. चांगला कारखाना भोकं नसलेली फ्रेम घेतच नाही.

नंतरची राखण

पाणी जायला वाट ठेवा. बॉक्स पाइपाच्या प्रत्येक खालच्या कोपऱ्यात १०-१२ मिलिमीटरचं भोक, तोंडाची बुचं काढलेली, आणि ट्रेलर उभा करताना दांडीचं टोक थोडं उचललेलं, म्हणजे पाणी मागं ओघळून जातं. भोकं वाळूनं बुजतात, तार घालून साफ करत जा. आतून लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण) मारा, गाड्यांच्या बॉडी शॉपवाल्यांकडं असतं. जळकं ऑइल फासू नका. ते किनाऱ्यावर गळतं, वाळू धरून ठेवतं, सीलचं रबर फुगवतं. गाड्यांखाली मारतात तो डांबरी थरही नको. तो वरून शाबूत दिसतो आणि त्याच्याखाली खारं पाणी मुरत राहतं.

होडी टेकते त्या लाकडी पट्ट्यांवरचा गालिचा दिवसेंदिवस ओला राहतो. लाकूड थेट फ्रेमवर बसवू नका, मध्ये प्लास्टिकच्या चकत्या घालून बोटभर फट ठेवा. होडीच्या बुडाला लावतात तसा जस्ताचा ॲनोड ट्रेलरला लावा असं एखादा सांगेल. तो पाण्यात बुडालेला असतानाच काम करतो. ट्रेलर पाण्यात असतो किती वेळ? पैसे वाया.

पाण्यात ढकलण्याआधी हब (चाकाचा बेरिंग असलेला मधला भाग) गार होऊ द्या. मालाडहून मार्वेच्या धक्क्यापर्यंत आलात आणि गरम हब तसेच पाण्यात घातले तर आतली हवा आकसते आणि सीलमधून समुद्र ओढला जातो. चहा पिऊन या. बाहेर काढल्यावर त्याच दिवशी, वाळायच्या आत, नळाच्या पाण्यानं धुवा, पाट्यांच्या फटीत आणि खालून विशेष. पावसाळ्यात ताडपत्रीनं आवळून बांधू नका, आत घाम धरतो. वरून छप्पर, बाजूनं वारा.

बोल्ट नागदेवी स्ट्रीटवर हॉट डिपचे मागा, चमकदार पिवळे-पांढरे प्लेटिंगवाले एका मोसमात लाल होतात. स्टेनलेस घ्यायचे तर ३१६, खाली नायलॉनचा वॉशर आणि चुडीला अँटी-सीझ, नाहीतर नट तिथंच धरून बसतो. दिव्यांना अर्थची वेगळी वायर ओढा, फ्रेमवरून अर्थ घेऊ नका.

काम झाल्यावर पहिल्या फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा. नवा रंग दाबला जातो आणि बोल्ट सैल पडतात. चाकाचे नट जिथं बसतात त्या जागी रंग नकोच, चुकून लागला असेल तर चाक चढवण्याआधी खरवडून काढा.